साळूबाईच्या शेजारचं लेकरू

हे खरं आहे.

आधीच सांगून ठेवते, कारण अशा पानांवरच्या निम्म्या गोष्टी वाचून मी स्वतःच "काहीही हं" म्हणत पुढे सरकते. तुम्हीही सरका, माझी हरकत नाही. पण मला हे कुठेतरी लिहून टाकायचंय, आणि ओळखीच्या माणसांना सांगायची आता सोय राहिलेली नाही.

यात रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. जालन्यात, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, वर पंखा फिरत असताना.

सुरुवात झाली गेल्या वर्षी सतरा सप्टेंबरला.

मी शीतल. जालन्यातल्या एका जुन्या वाचनालयात काम करते. पुस्तकांशिवाय आमच्याकडे जुन्या फोटोंचा मोठा संग्रह आहे. निजामाच्या काळातलं स्टेशन, मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या बैलगाड्या, राजूरच्या गणपतीसमोरची गर्दी, कुठल्या तरी शाळेतली टोप्या घातलेली पोरं. कुणी फोटोग्राफर वारला की त्याची मुलं माळा रिकामा करतात आणि पोतीच्या पोती आमच्या दारात आणून टाकतात. ते फोटो पुसायचे, स्कॅन करायचे, मागे पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर वाचायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं.

घरी आई आणि मी. दोघीच. वडील मी कॉलेजात असताना गेले. माझं लग्न झालं आणि मोडलं. ती गोष्टही भीतीदायकच आहे, पण भुताची नाही. तेव्हापासून मला माणूस म्हणावं असं एकच उरलं होतं. आई.

हे नीट लक्षात ठेवा. नाहीतर पुढे मी जे केलं ते तुम्हाला कळणार नाही.

त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं म्हणून वाचनालयात फोटोंचं प्रदर्शन होतं. पितृपंधरवडा चालू होता. आमचे ग्रंथपाल मार्तंड सर फार सज्जन माणूस. इतके सज्जन की पुस्तक उशिरा आणणाऱ्याचीच उलट माफी मागतील. सकाळी टेबलांवर फ्रेमा मांडून झाल्या, तसे ते एकेका फोटोपाशी थांबायला लागले.

"शीतल, यातल्या कुणाचं नाव नाही गं आपल्याकडे. पंधरवडा चालू आहे, आणि यांना पाणी द्यायला कुणी आहे की नाही, देव जाणे."

मग त्यांनी घरून गंध मागवलं. झेंडूचे हार होतेच. प्रत्येक फ्रेमला हार घातला. काचेवरून प्रत्येक माणसाच्या कपाळावर गंधाचं बोट टेकवलं. आणि ताम्हणात तीळपाणी सोडत म्हणाले, "ज्यांचं कुणी नाही, त्यांनी हे घ्या. तृप्त व्हा."

ताम्हण मी धरलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आमच्याकडे एक डोक्यात पक्कं बसलंय. काळा-पांढरा फोटो म्हणजे आतलं माणूस गेलेलं. साल कुणी बघत नाही.

त्या फोटोंत एक दुष्काळाचा होता. मागे लिहिलेलं एवढंच, 'तलावाचे काम, १९७३'. मुरमाच्या उभ्या कापलेल्या दरडीसमोर पाच बायका. डोक्याला फडकी, काखेत टोपली. आणि कडेला, त्यांच्यापासून जरा लांब, एक तीन-चार वर्षांची पोरगी. फोटो काढताना हलली असावी. चेहरा पुसट आलेला.

सरांनी पाचही कपाळांना गंध लावलं.

मग त्या पुसट कपाळालाही.

दुपारी आई आली. मीच बोलावलं होतं. "काय बघायचं असतं गं मेल्याल्या माणसांत" असं म्हणत आली आणि रमतगमत सगळं बघत निघाली. मी पाहुण्यांना चहा देत होते. थोड्या वेळानं वळून बघते तर आई त्या फोटोसमोर उभी. हलत नव्हती. तिचा हात काचेवर होता, हाराच्या खाली.

"शीतल," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "ही माही माय हाये."

इथं थोडं मागचं सांगायला हवं.

आईची आई, साळूबाई, बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर जायची. आईचं माहेर वडीगोद्रीकडचं. तिथल्या पाझर तलावाचं काम चालू असताना दुपारच्या सुट्टीत बायका दरडीच्या सावलीला भाकरी खायला बसल्या, आणि दरड कोसळली. साळूबाई गेली. आई तेव्हा चार वर्षांची. पुढे तिला तिच्या मामानं, कडूबा आजोबांनी वाढवलं. साळूबाईचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. आई नेहमी म्हणायची, "मायचं तोंड मला आठवत न्हाई. निस्ता हात आठवतो."

फोटोतल्या त्या बाईच्या हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं होतं. आईनं हात ओळखला होता.

"आन् हे लेकरू..." आईनं कडेच्या पोरीवर बोट ठेवलं. "पायात बघ. एकाच पायात वाळा. दुसरा मामानं इकला व्हता. हे मी हाये, शीतल."

मागून कुणीतरी हसलं. "कौसल्याबाई, जिवंतपणी हार घालून घेतला! आयुष्य वाढलं बघा तुमचं."

सगळे हसले. मार्तंड सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईनं हार काढला, रुमालानं काच पुसली, चारदा माफी मागितली.

"राहू द्या वो सर," आई म्हणाली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "मायसंगं एका हारात आले. आजून काय पायजे मला?"

सरांनी नियम मोडून ती फ्रेमच आईला दिली. संग्रहाला स्कॅन केलेली कॉपी होतीच.

आईनं ती उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. जेवणं झाली. आई आडवी झाली. मी भांडी घासत होते.

ठक...

ठक... ठक...

दगडावर हातोडी पडल्यासारखा आवाज. गल्लीत कुणाचं तरी बांधकाम चालू असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. एक हातोडी होती, मग दोन झाल्या, मग पुष्कळ. मग लांबून एक शिट्टी वाजली.

आणि सगळं थांबलं. हातोड्या थांबल्या. रस्ता थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आत आई उठून बसली होती.

"सुट्टी झाली," ती म्हणाली.

"कशाची सुट्टी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी काय म्हन्ले?"

तिच्या कपाळावर गंध होतं. पिवळं, बोटानं टेकवलेलं. आमच्या घरात गंध लावायची पद्धत नाही, आई कुंकू लावायची तेही वडील गेल्यापासून बंद. मी पदरानं पुसलं. म्हटलं, काल काचेला हात लावला असेल, मग तोच हात कपाळाला. माणूस स्वतःची समजूत काढायला किती हुशार असतं!

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा होतं.

मग माती सुरू झाली. आईच्या अंथरुणात तांबूस मुरमाची बारीक माती. मी झटकायची, झाडायची, चादर धुवायची. दुपार झाली की पुन्हा. तिच्या भांगात माती. नखांत माती. ती खोकायला लागली आणि रुमालावर तांबूस डाग पडला. मला वाटलं रक्त. बोटांनी चोळून पाहिलं... कचकच लागली.

रेशन दुकानात आईचा अंगठा मशीनवर उमटेना. दुकानदार म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. दहाही बोटं लावून पाहिली. मशीन म्हणत होतं, असं कुणी माणूस नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुफ्फुसं स्वच्छ. सकाळी ती चांगली असायची, संध्याकाळी चांगली असायची. दुपारी मात्र तिचा श्वास असा अडकायचा की जणू छातीवर कुणी टोपल्यांनी माती टाकतंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर धुळीची ॲलर्जी लिहिलं. मी त्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले. नर्सनं मला हाताला धरून बाहेर नेऊन बसवलं.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती आईची. कारण तिला भीती वाटत नव्हती.

"माय येती दुपारी," ती मला एका सकाळी चहा पिताना म्हणाली. सहज, दूधवाला येऊन गेला म्हणावं तसं. "उशाला बसती. बोलत न्हाई. निस्ता हात पुढं करती."

"आई, तिच्याकडे बघू नकोस."

"का गं? मी तिला कव्हा बघितलं व्हतं?"



त्याच दिवशी मी फ्रेम उचलून उजेडात नेली. 

ती पोरगी सरकली होती.

आधी ती कडेला होती, लांब. आता साळूबाईपासून हातभर अंतरावर होती. आणि पुसट नव्हती. नाक, ओठ, कपाळावर आलेले केस, सगळं स्पष्ट. मी रिक्षा करून वाचनालयात गेले. सरांनी कॉम्प्युटरवर स्कॅन उघडला. त्यात पोरगी होती तिथेच होती, लांब आणि पुसट. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहत राहिलो. सर खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"मी त्यांना सांगितलं, शीतल. मीच त्यांना सांगितलं की ही गेलेली आहे."

मी त्यांची समजूत काढली नाही. माझ्यात ते बळच नव्हतं.

मी कडूबा आजोबांना फोन केला. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्यात हजर. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, बहिणीकडे बराच वेळ पाहिलं. मग सगळं ऐकून घेतलं. हार, गंध, तीळपाणी.

"लई वंगाळ झालं," ते म्हणाले. "साळूला आमी दरडीखालून काढलं तव्हा तिचा एक हात भाईर व्हता. असा, लांब केलेला. कौसी धा पावलांवर रडत पडली व्हती. म्हंजी काय झालं आसंल, तूच सांग. तिनं पोरीला ढकलून दिलं भाईर. मरता मरता तिला बराबर ठावं व्हतं, आपलं लेकरू वाचलं."

"मग आता ती का येतीय? जिला वाचवलं तिलाच न्यायला?"

"न्यायला न्हाई गं बाई." आजोबांनी डोळे पुसले. "तुमी तिला सांगितलं ना, लेकरू बी मेलं म्हणून. मंग ती हुडकून राह्यली. मेलं तर माझ्याकडं का आलं न्हाई, कुठं एकलं फिरून राह्यलं म्हणून. कोणची माय हुडकणार न्हाई?"

मला तोपर्यंत साळूबाईचा राग येत होता. राग बरा असतो, त्याला धरून माणूस उभं राहतं. आजोबांच्या बोलण्यानं तोही गेला.

"मग तिला सांगू या," मी म्हणाले. "जिवंत आहे म्हणून सांगू या. दाखवू या."

आम्ही जीप केली. आई, मी, आजोबा. वडीगोद्रीच्या बाजूला वळेपर्यंत आई खिडकीतून कपाशी बघत होती, माहेरी निघाल्यासारखी. तलावाला पाणी होतं. बांधाच्या अलीकडे ती जुनी मुरमाची कड अजून आहे, वर बाभळी वाढल्यात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आजोबांनी आईला दरडीसमोर उभं केलं. मी तिचा हात घट्ट धरला.

"साळे!" आजोबा ओरडले. त्या वयात तो आवाज कुठून आला कोण जाणे. "साळे, मी कडूबा! ही बघ, तुही कौसी. जिती हाये! बिलकुल जिती हाये! तुवा वाचवली ना, मंग! हिचं लगीन झालं, हिची लेक बी हाये ही! जाय आता बाई, निवांत जाय!"

बाभळीची पानं हलायची थांबली.

पाण्यावरचे बगळे उडाले... पंखांचा आवाज झाला नाही.

दरडीच्या पोटातून बारीक मुरूम घरंगळला. थोडा थांबला. पुन्हा घरंगळला, जरा अलीकडे. मग जमिनीवर खडे दबल्याचा आवाज. एक पाऊल. अजून एक. अनवाणी, सावकाश. आमच्याकडे.

ओल्या मातीचा वास आला. त्यात भाकरीचाही होता.

आईच्या समोर येऊन ते थांबलं. आईच्या डोक्यावरचा पदर आपोआप मागे सरकला. तिचे पांढरे झालेले केस कपाळावरून बाजूला झाले, कुणीतरी चेहरा नीट बघावा तसे. आई श्वास रोखून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर असतं ते.

मग केस खाली पडले.

पावलं पुढे गेली. माझ्याजवळून, आजोबांजवळून. घाईघाईनं, इकडे तिकडे, बाभळीमागे, पाण्याच्या काठानं. शोधत.

"वळखलं न्हाई," आजोबा पुटपुटले. "ती चार वरसाच्या पोरीला हुडकून राह्यली."

"माय!" आई ओरडली. माझा हात सोडवायला तिनं इतका जोर केला की मी गुडघ्यांवर पडले, पण सोडला नाही. "माय, मीच हाये की! आगं मीच हाये कौसी! मी म्हातारी झाले गं फक्त! माय!"

पावलांचा आवाज लांब जात राहिला. मग तोही थांबला.

आई खाली कोसळली ती बोललीच नाही. तिला तसंच जालन्याला आणलं, दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन लावला. रात्र बरी गेली. सकाळीही श्वास लागत होता, आणि डॉक्टर म्हणाले, आज दुपार काढली तर बघू. तेही दुपारच म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं.

मी सरांना आईपाशी बसवलं आणि घरी पळत आले.

फोटोत पोरगी आता साळूबाईला चिकटून उभी होती. तिचा हात साळूबाईच्या हातात होता. पाचही बायकांपैकी फक्त साळूबाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, पोरीकडे.

ती हसत होती.

गल्लीत हातोड्या सुरू झाल्या. ठक. ठक. ठक.

मी फ्रेम जमिनीवर आपटली, काच फोडली, फोटो बाहेर ओढला. ब्लेड शोधलं. संग्रहातल्या फोटोला नखही लागू नये म्हणून मी नोकरीभर हातमोजे घातलेत. साळूबाईसमोर मी हात जोडले. "आजी, माफ कर. तुझी आई गेली तेव्हा तू मोठी होतीस का लहान, मला माहीत नाही. पण मला दुसरं कुणी नाही. मला ती दे."

आणि पोरीच्या कडेनं ब्लेड फिरवलं.

पायाकडून वर आले. झगा, खांदा, केस. मग हात राहिला. बोटं बोटांत अशी गुंतली होती की कुणाची कुठली ते कळेना. बाहेर शिट्टी वाजली. मला वेळ नव्हता. मी बोटांसकट कापलं. साळूबाईची दोन बोटं पोरीबरोबर आली.

एक आवाज झाला. फार मोठा नाही. खूप ओझं उचलताना बाईच्या तोंडून निघतो तसा.

फोन वाजला. सर होते. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "आला, शीतल. श्वास आला. नीट घेतायत. लवकर ये."

मी धावत गेले. जिन्यावर दोनदा पडले. वॉर्डात आई उशीला टेकून बसली होती. गालांना रंग आला होता. कपाळ स्वच्छ. मी तिच्या गळ्यात पडले आणि ओक्साबोक्शी रडले.

ती आकसली. भिंतीकडे सरकली. माझ्याकडे मोठे डोळे करून पाहत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "माही माय कुठं हाये?"

याला आता आठ-नऊ महिने होऊन गेले.

डॉक्टर म्हणतात, मेंदूला प्राणवायू कमी पडला. हळूहळू आठवेल, नाहीही आठवणार. प्रकृती एकदम ठणठणीत आहे. खोकला नाही, माती नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा पहिल्या झटक्यात उमटतो. आई माझ्या हातानं जेवते, माझ्याकडून वेणी घालून घेते, मला मावशी म्हणते. मी शीतल आहे हे तिला माहीत नाही. शीतल कोण, हेच माहीत नाही. तिला एकच माणूस माहीत आहे.

कापलेला तुकडा कपाटात आहे. मार्तंड सर परवा येऊन गेले. आईनं त्यांना पाहून पडद्यामागे तोंड लपवलं. जाताना सर दारात घुटमळले. म्हणाले, "फोटो परत जोडता येतो, शीतल. आपण किती तरी फाटलेले जोडलेत. कळतही नाही." मी म्हटलं, "सर, तुम्ही परत येऊ नका." ते माफी मागून गेले.

एक गोष्ट राहिली.

समोर शैलाकाकू राहतात. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या फाटकाशी दुपारची एक बाई येते. रोजच दिसते हल्ली. डोक्याला फडकं, हाताला चिंधी गुंडाळलेली. विचारत होती, लेकरू पाह्यलं का वो माझं? मी सांगितलं, बाई, इथं लेकरू-बिकरू नाही, इथं दोघी माय-लेकी राहतात. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्या घराकडे गेली. वेडी असावी बिचारी. पण दुसऱ्या दिवशी परत तुमच्याच फाटकाशी."

तेव्हापासून मी दुपारी घरीच थांबते. दार लावते, खिडक्या लावते, टीव्ही मोठा करते. मला काही ऐकू येत नाही. आईला येतं. ती भांडं खाली ठेवते आणि दाराकडे बघत बसते. मी सांगते, तुझी माय कामावर गेलीय, संध्याकाळी येईल. संध्याकाळपर्यंत ती विसरते. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

मी वाईट आहे का, मला कळत नाही. मी तिला मरणातून ओढून आणलं. कुणाच्या हातातून ओढलं, तेही मला माहीत आहे.

काल टीव्ही चालू असताना आई माझ्याजवळ सरकली. माझी बाही धरली. खूप वेळ विचार करून विचारावं तसं तिनं विचारलं,

"मावशी, मायला ठावं हाये ना, मी हितं हाये म्हणून?"

मी हो म्हणाले.